पूर ओसरतो, उतरंड राहते

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूचा बाहेरील रिंग रोड पाण्याखाली गेला आणि आयटीतले लोक ट्रॅक्टरवर बसून कामाला निघाले. ती छायाचित्रं देशभर फिरली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचं शहर बुडालं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. पाणी उतरल्यावर गाळ आणि कचरा उचलणाऱ्या पौरकार्मिकांची छायाचित्रं मात्र माझ्या पाहण्यात आली नाहीत. या शहरातल्या पौरकार्मिकांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत.

मी इथे पीएचडीसाठी राहते. माझं घर कुर्ल्यात, मिठी नदीच्या काठी. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांची होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. आम्ही पोटमाळ्यावर रात्र काढली. पुढे मदतीच्या रांगेत आईकडे राहण्याचा पुरावा मागितला गेला. पुरावा मिठीतून वाहून गेला होता.

तेव्हा सगळे ‘निसर्गाचा कोप’ म्हणत होते. पाऊस निसर्गाचा होताच. पण विमानतळासाठी नदी वळवण्याचा आणि खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभारण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता. पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिमी करा, असं १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सांगितलं होतं. ते काम २००५ पर्यंत रेंगाळलं. महापुरानंतर नदी रुंद करायची ठरली, तेव्हा विमानतळ हलला नाही, संकुल हललं नाही. हलवल्या गेल्या त्या काठच्या झोपड्या.

हीच रीत आजही चालू आहे. धारावी पुनर्विकासात ‘अपात्र’ ठरणाऱ्यांच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. द्रुतगती मार्गामुळे तिथे आता भरतीचं पाणी येत नाही, असं समर्थन केलं जातं. पण पावसाचं पाणी तर येतंच, आणि सखल मिठागरं ते पोटात घेतात. तिथे भराव पडला की ते पाणी शेजारच्या वस्त्यांत शिरेल. दलित, मुस्लिम, स्थलांतरित कष्टकऱ्यांना शहराच्या मध्यातून उठवून शहराच्या पाण्यात वसवायचं, याला पुनर्वसन कसं म्हणायचं? गावकुसाबाहेरच्या वस्तीचीच ही शहरी आवृत्ती आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना दामोदर आणि महानदीच्या पुरांचा प्रश्न हाताळला. पुराला त्यांनी दैव मानलं नाही, राज्यसंस्थेची जबाबदारी मानलं. त्याच भूमिकेतून आज काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराच्या पूरनकाशात पाण्याच्या पातळीबरोबर तिथे राहणाऱ्यांची जात, रोजगार आणि भाडेकरूपण यांचीही नोंद हवी. ‘दुर्बल घटक’ या गुळगुळीत शब्दाआड जात लपते. नदीकाठ मोकळा करायचा असेल तर पर्यायी घर आधी आणि जवळच द्यावं, आणि सुरुवात मोठ्या बांधकामांपासून करावी. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई ठरवली. तरीही तुंबलेल्या गटारात माणूस उतरवला जातो, आणि तो कोणत्या जातीचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पूरनियोजनाच्या अंदाजपत्रकात यंत्रांसाठी आणि या कामगारांच्या कायम नोकरीसाठी तरतूद हवी. पंप बसवले, भिंती उंच केल्या, तरी एवढं केल्याशिवाय धोका फक्त खालच्या पायरीवर सरकत राहील.

मिठीची पातळी वाढली की आजही आमच्या वस्तीला पालिकेच्या शाळेत हलवतात. आई निघताना सगळ्यात आधी कागदांची पिशवी उचलते. २००५ पासून ती दाराशीच टांगलेली आहे.