माहिती पारखण्याचा तास वेगळा नको

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत माहिती साक्षरतेचा विषय काढला की तीन आक्षेप येतात. मुलांच्या हातात मोबाइल आहे, त्यांना शोधायला काय शिकवायचे? ग्रंथपाल वर्षारंभी ग्रंथालय दाखवतात, तेवढे पुरे. आणि अभ्यासक्रम आधीच संपता संपत नाही.

पहिला आक्षेप सापडणे आणि पारखणे यांत गल्लत करतो. समजा, बी.ए.चा विद्यार्थी १८९७च्या अमरावती काँग्रेसवर प्रकल्प लिहितो आहे. मोबाइलवर त्याला वाक्य मिळते : ‘या अधिवेशनात लोकमान्य टिळकांनी भाषण केले.’ वाक्य पटण्याजोगे आहे. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे टिळकांचे निकटचे सहकारी. पण अधिवेशन भरले डिसेंबरात, आणि राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली सप्टेंबरात. ते तुरुंगात होते. अध्यक्ष होते शंकरन नायर. दोन तारखा शेजारी ठेवल्या की वाक्य कोसळते. पण त्या शेजारी ठेवून पाहायची सवय शिक्षकालाच लावावी लागते.

ग्रंथालयाच्या फेरीत कपाटे कळतात. पण प्रश्न पडण्याआधी दाखवलेली उत्तराची जागा लक्षात राहत नाही. शिवाय विषयागणिक कसोटी बदलते. इतिहासात त्या काळचा कागद मोलाचा. गुलाबी बोंडअळीवरचा जुना सल्ला मात्र नुकसान करतो, कारण बीटी कपाशीला ही अळी आता दाद देत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची यंदाची शिफारस कोणती आणि विक्रेत्याची जाहिरात कोणती, हे कीटकशास्त्राच्या तासालाच शिकवता येते.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे : धडा वाढवायचा नाही, प्रकल्प बदलायचा. संशोधननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.ला सक्तीचा आहे; पण उतरवून काढायची सवय पहिल्या वर्षाच्या प्रकल्पवहीतच लागते. म्हणून विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून प्रकल्प द्यावा. वहीच्या शेवटी एक पान असावे : कोणता स्रोत घेतला, कोणता टाकला, का टाकला. अंतर्गत गुणांतले काही गुण या पानाला द्यावेत. गुण असले की मुले ते पान मनापासून लिहितील.

आपल्या वर्गांत कपाशीवाल्या घरांतली मुले बसतात. हे पान लिहायला शिकलेला मुलगा घरी आलेल्या फवारणीच्या सल्ल्यालाही विचारेल : हे कोणी लिहिले, आणि कधी?