कोल्हटकरांचे नाटक कोल्हटकरांच्या जिल्ह्यात

संगीत रंगभूमीच्या पुनरुज्जीवनाची भाषा महाराष्ट्रात दर काही वर्षांनी ऐकू येते. २०१० साली सुबोध भावे आणि राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा रंगमंचावर आणले आणि नव्या पिढीने त्याचे मनापासून स्वागत केले. १९६७ साली हे नाटक प्रथम आले, त्या वेळचे त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांच्या भूमिकेत स्वतःला ओतणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे. लिहिणारा विदर्भातला आणि गाणाराही विदर्भातला. परंतु संगीत नाटकाच्या उत्कर्षाचा हिशेब पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांपुरताच मांडावयाचा, हा आपल्या सांस्कृतिक जीवनातला जुना शिरस्ता आहे. त्या हिशेबात बुलढाणा जिल्ह्याची नोंद बहुधा ‘दौरा’ या सदरात होते. फार तर तेवढाही उल्लेख होत नाही.

या जिल्ह्याचा संगीत नाटकावरचा हक्क मात्र प्रेक्षकाच्या हक्काहून मोठा आहे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने १८८० साली सुरू केलेल्या परंपरेला पहिले मोठे वळण दिले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. त्यांचे शालेय शिक्षण बुलढाण्यास झाले, वकिली त्यांनी खामगावला आणि जळगाव जामोदला केली. पौराणिक कथांचा आधार सोडून त्यांनी स्वतंत्र कथानके रचली. कीर्तनाच्या आणि साक्यादिंड्यांच्या वळणावर चाललेल्या नाट्यपदांत त्यांनी पारशी रंगभूमीच्या नव्या, उडत्या चाली आणल्या. आज ज्यांना संगीत नाटक म्हणजे सोवळ्यातील वस्तू वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्या परंपरेचा एक आद्य धुरीण चालींच्या बाबतीत पुरता उदार होता. तालुक्याच्या गावी कोर्टकचेरी सांभाळून त्याने मराठी रंगभूमीची दिशा पालटली, ही गोष्टही या जिल्ह्याने विसरावी अशी नाही.

कोल्हटकरांची नाटके आज रंगभूमीवर चालत नाहीत, याला कारणे आहेत. कथानके गुंतागुंतीची, भाषा कोट्यांनी जडावलेली, पदे विपुल. परंतु त्यांच्या नाटकांचे विषय जुने झालेले नाहीत. ‘मूकनायक’ने मद्यपानाचा प्रश्न रंगमंचावर आणला आणि ‘मतिविकार’ने विधवेच्या पुनर्विवाहाचा. आमचे म्हणणे असे की, बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या जुन्या संगीत नाटकाचा फिरता प्रयोग उभा करावयाचा असेल, तर तो ‘मतिविकार’चा असावा आणि त्याची पात्रयोजना याच जिल्ह्यातून व्हावी.

‘मतिविकार’च का? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. आत्महत्येची नोंद पुरुषाच्या नावे होते. तिच्यानंतरचे सारे आयुष्य स्त्रीच्या वाट्याला येते. सात-बारावर नाव चढविण्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे, सावकाराचा तगादा, हळदीकुंकवाच्या ओट्यावरून हळूच बाजूला सारले जाणे आणि पुन्हा लग्न हा शब्द उच्चारण्याचीही चोरी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचा कित्ता गिरविण्याचे आवाहन इतर ग्रामपंचायतींना केले. एका शतकापूर्वी नाटकाने विचारलेला प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात यावयास इतका काळ लागला. ठराव मंजूर करणे सोपे असते. ज्या गावात तो झाला नाही, तेथे त्याची चर्चा सुरू करावयाची तर नाटकासारखे साधन नाही.

आता पात्रयोजनेकडे वळू. कोल्हटकरांच्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करीत. विधवेचे दुःख पुरुषाच्या गळ्यातून उमटे आणि प्रेक्षक त्या गळ्याचे कौतुक करीत घरी जात. आज ती अडचण उरलेली नाही. परंतु तिच्या जागी दुसरी आली आहे : गाणारा नट म्हणजे शास्त्रीय संगीताची बैठक असलेला शहरी कलावंत, असे आपण गृहीत धरले आहे. या जिल्ह्यात आवाज नाहीत काय? शेगावच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालणाऱ्या दिंड्यांत टाळमृदंगाच्या साथीने अभंग उचलणारे गळे आहेत. बौद्ध वस्त्यांत भीमगीतांची अखंड परंपरा आहे. लग्नाच्या मांडवात गाणाऱ्या बाया आहेत, बँडपथकातले वादक आहेत, प्राथमिक शाळेत पेटीवर प्रार्थना बसविणारे शिक्षक आहेत. कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीकडून चाली घेतल्या, तर त्यांच्याच पदांना आज ओवीची, भजनाची किंवा भीमगीताची चाल लावण्यात कसला अधर्म?

कसलेल्या नटांवाचून असे प्रयोग तगत नाहीत, असा आक्षेप येईल. त्याला अलीकडचाच दाखला देता येतो. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ २०१२ साली अतुल पेठे यांनी बसविले, तेव्हा पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या पुढाकाराने सफाई कामगार रंगमंचावर उभे राहिले. जोतीरावांची कथा त्यांनी गाऊन आणि बोलून सांगितली. त्याच वर्षी शेजारच्या जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या नटांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ गाजविले. दोन्ही ठिकाणी तालमी कसून झाल्या आणि जाणत्या दिग्दर्शकाचा हात होता. हौशी असणे आणि कच्चे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा आग्रह पहिलीचा आहे, दुसरीला सवलत मागण्याचा नाही.

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. शेतकऱ्याची विधवा प्रत्यक्ष रंगमंचावर उभी करून टाळ्या मिळविणे सोपे आहे. पण तिच्या दुःखाचे प्रदर्शन मांडणे हाही एक प्रकारचा व्यापारच होय. तिला भूमिका मिळावी ती तिच्या गळ्यासाठी आणि अभिनयासाठी. ती विधवा आहे हे जाहिरातीत येता कामा नये. विनोदी भूमिका करावीशी वाटली तर तीही तिला मिळावी.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. व्यावसायिक नटाला प्रयोगाची ‘नाइट’ मिळते. चळवळीतल्या कलावंताला मात्र चहा, टाळ्या आणि अध्यक्षांचे आभार यांवर भागवावे लागते. सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला पु. ल. देशपांडे, वसंत बापट, निळू फुले यांसारखी माणसे दिली, त्या त्यागाबद्दल आदरच आहे. परंतु कापूस वेचणीचा दिवस बुडवून तालमीला येणाऱ्या मजूर स्त्रीकडून त्यागाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. तालमीच्या दिवसाला रोज आणि प्रयोगाला नाइट, मुख्य भूमिकेला आणि पडदा ओढणाऱ्याला सारखीच, हा पहिला नियम असावा.

पैसा कोठून येणार? खर्च कमी ठेवण्याची शिस्त संगीत नाटकानेच शिकविली आहे. गंधर्व नाटक मंडळी वैभवाच्या हव्यासापायी कर्जात बुडाली, हे सर्वश्रुत आहे. उलट २०१७ साली आलेले प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’ केवळ दोन अभिनेत्रींवर उभे राहिले आणि गाजले. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत आजही दिवाळीनंतरचा हंगाम गावोगावच्या नाटकांनी गजबजतो. प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर बसतो. वऱ्हाडातला प्रेक्षक त्याहून निराळा मानण्याचे कारण नाही. शिवाय कोल्हटकर १९३४ साली निवर्तले. मृत्यूनंतरच्या पन्नास वर्षांची त्या वेळची स्वामित्वाची मुदत १९८४ अखेर संपली. संहितेसाठी कोणाला पैसा देणे नाही, आणि ती छाटून दोन तासांची करण्यास कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. पंधरा पदे, दहा नट, पेटी, तबला, एक सनई आणि दोन पडदे : एवढा सरंजाम एका मेटाडोरमध्ये मावतो.

मेटाडोर म्हणण्याचे कारण आहे. हा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दुभंगलेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव रेल्वेवर आहेत आणि खामगावालाही जलंबहून फाटा आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा मात्र रस्त्याच्याच भरवशावर. खामगाव-जालना रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या कागदावर धावते आहे. तेव्हा दौऱ्याची आखणी रेल्वे स्टेशने पाहून न करता आठवडी बाजार पाहून करावी. तेराही तालुक्यांत किमान एक प्रयोग, बाजाराच्या आदल्या रात्री, सोयाबीनची काढणी उरकल्यावर आणि कापसाचे पैसे हाती आल्यावर. नाट्यगृह नसेल तेथे शाळेचे पटांगण चालेल. स्त्रियांना बसण्यासाठी पुढची जागा राखून ठेवावी आणि त्यांना अंधाराआधी घरी पोचता यावे म्हणून निदान एक प्रयोग दुपारी लावावा.

कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. संहिता मिळवून तिचे संपादन करणे, दोन महिने आवाजांचा शोध घेणे, एक दिग्दर्शक आणि एक संगीतकार बाहेरून आणणे आणि बाकी सारे जिल्ह्यातले घेणे. पहिला प्रयोग जळगाव जामोदला व्हावा. आपल्या गावच्या या वकिलाने काय लिहून ठेवले, हे तेथील लोकांना आधी कळले पाहिजे. प्रयोग संपल्यावर भाषण ठेवू नये. दिवे लावून पटांगण मोकळे सोडावे आणि ज्यांना बोलावयाचे आहे त्यांना बोलू द्यावे.