हात आमदाराचा, मर्जी पक्षाची

मैत्रिणींनो, निवडणूक आली की आपण उमेदवार पाहतो, चिन्ह पाहतो, रांगेत ताटकळतो आणि बटण दाबून घरी येतो. वर्धा, देवळी, आर्वी आणि हिंगणघाट या आपल्या चार मतदारसंघांतून चार आमदार विधानसभेत जातात. पण तिथे गेल्यावर ते कशाच्या बाजूने हात वर करतात? बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक जण चटकन म्हणाली, ''पक्ष सांगेल त्याच्या बाजूनं, आणखी काय!'' सगळ्या हसल्या. पण बाईचं उत्तर अगदी बरोबर होतं.

पक्षाचा प्रतोद 'व्हीप' काढतो, म्हणजे अमुक ठरावावर असंच मत द्यायचं असा आदेश. तो मोडला आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. मतदानाला गैरहजर राहिलं तरी तेच. 1967 मध्ये हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्द देशभर झाला. अशा उड्यांना लगाम घालायला 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. हेतू चांगलाच होता. आपण चिन्ह पाहून मत दिलं असेल, तर निवडून आलेल्याने ते बाजारात विकू नये.

पण लगाम कुणाला बसला? 2022 च्या जून महिन्यात शिवसेनेत फूट पडली. 4 जुलैला विश्वासदर्शक ठरावावर 164 विरुद्ध 99 अशी मतं पडली. गंमत म्हणजे एकाच पक्षाच्या दोन गटांचे दोन व्हीप होते! मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाही. पुढे जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे एकट्याने मन मोकळं केलं तर खुर्ची जाण्याची भीती, आणि घोळक्याने गेलं तर सगळं निभावतं. हा कुठला न्याय?

दुसरी गोष्ट त्याहून साधी. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'वाल्यांचा गलबला मोठा वाटला की झालं. नोव्हेंबर 2014 मध्ये तर सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा असाच पार पडला होता. मग आमच्या आमदारांनी काय मत दिलं, हे आम्ही शोधायचं कुठे? भिशीतल्या पै-पैचा हिशेब आपण वहीत नावानिशी लिहितो, आणि राज्याचा कायदा करताना नावं नाहीत!

हे आपल्या दारापर्यंत येतं बरं का. जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेच्या सदस्यांनाही पक्षांतराचा कायदा लागू आहे आणि तिथे निम्म्या जागा बायांच्या आहेत. विधानसभेतही एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली. घरात नवऱ्याच्या मर्जीने आणि सभागृहात पक्षाच्या मर्जीने हात वर करायचा असेल, तर खुर्ची मिळून बाईचा आवाज कुठे वाढला? वॉर्डातल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, हे ठाऊक असलेली सदस्यही व्हीप निघाला की गप्प बसते.

व्हीप मुळीच नको, असं मी म्हणत नाही. सरकार टिकवायचं की पाडायचं, अर्थसंकल्प मंजूर करायचा की नाही, तिथे तो असावा. पण शाळा, दवाखाना, दारू, शेतीमाल यांवरच्या कायद्यांत आमदाराला मतदारसंघाचं ऐकू द्या. व्हीप सरकारच्या जगण्या-मरण्याच्या प्रश्नापुरताच असावा, असं दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं. ते कागदावरच राहिलं. ब्रिटनमध्ये पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष कारवाई करतो, पण खासदारकी जात नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक तर करता येईल. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, ते काही लांब नाही. आमदार परत आले की सत्काराचा नारळ देण्याआधी विचारायचं, ''भाऊ, कोणत्या विधेयकावर काय मत दिलं आणि काहून?'' चार-सहा ठिकाणी बायांनी हेच विचारलं, तर पुढच्या वेळी ते उत्तर तयार ठेवूनच येतील.