मोबाईलवरचा उपचार आणि एमएसचा न दिसणारा थकवा

दरवर्षी ३० मे रोजी जागतिक मल्टिपल स्क्लेरॉसिस दिन पाळला जातो. गोव्यापुरते बोलायचे तर या आजाराच्या रुग्णांसाठी वर्षातले याहून कठीण दिवस क्वचितच असतील. मृगाच्या तोंडावरची दमट हवा, मध्येच जाणारी वीज, आणि अंगातली उष्णता किंचित वाढली तरी धूसर होणारी नजर व जडावणारे पाय. शारीरिक श्रमाने नजर तात्पुरती धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवले होते. तरीही निदानाच्या दिवशी रुग्णाच्या हाती पडते ते एमआरआयचे पाकीट आणि औषधांची चिठ्ठी. उरलेला दिवस कसा काढायचा, हे त्या चिठ्ठीवर नसते.

या आजाराला रुळलेले मराठी नाव नाही; रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘एमएस’ म्हणूनच मोकळे होतात. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर उलटते आणि संदेशवहन बिघडते. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान उघड होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. २०२३ च्या जागतिक अंदाजानुसार रुग्णसंख्या सुमारे २९ लाख आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एमएसवरील औषधांना प्रथमच अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. ही औषधे नव्या झटक्यांचे प्रमाण कमी करतात. परंतु दुपारी दोन वाजता अंगातले त्राण निघून जाणे, पायांचे ताठरणे, लघवी न थांबणे, विसराळूपणा या तक्रारी औषध चालू असतानाही राहतातच. ऑनलाइन स्वव्यवस्थापनाचे कार्यक्रम नेमके येथे उपयोगी पडू पाहतात.

त्यातले सर्वांत पुढे गेलेले उदाहरण जर्मनीचे आहे. थकव्यासाठी तेथे ‘एलेविडा’ नावाचा संवादात्मक कार्यक्रम तयार झाला. रुग्ण आपली स्थिती निवडतो, त्यानुसार पुढचा मजकूर बदलतो. झोप, हालचाल, चिंता आणि थकवा यांची साखळी उलगडून दाखवली जाते. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही अनेकांची सवय. त्याऐवजी थकण्यापूर्वीच थांबायला येथे शिकवले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७५ रुग्ण होते आणि १२ आठवड्यांनंतर कार्यक्रम वापरणाऱ्यांचा थकवा लक्षणीय कमी आढळला. २०१९ च्या कायद्याने जर्मनीत अशी ‘डिजिटल औषधे’ डॉक्टरांनी लिहून द्यावीत आणि त्यांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्याने उचलावा, अशी सोय झाली. डिसेंबर २०२० मध्ये एलेविडा त्या यादीत आला.

या निष्कर्षाकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. तुलना झाली ती कार्यक्रमाची वाट पाहणाऱ्या गटाशी, दुसऱ्या एखाद्या उपचाराशी नव्हे. शिवाय थकवा मोजला तो रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर. अर्थात थकवा मोजण्याचे दुसरे साधन तरी कोणते आहे? रक्ततपासणीत तो दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. घरच्यांनाही तो दिसत नाही, म्हणून सून ‘आळशी’ ठरते.

येथेच भाषेचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो त्याहून मोठा आहे. गोळीला भाषा लागत नाही. या उपचाराचे मात्र द्रव्यच शब्द आहे. मराठीत थकवा, शीण, अशक्तपणा, ग्लानी हे शब्द एकमेकांचे शेजारी असले तरी एक नव्हेत. कामाने येतो तो शीण, विश्रांतीने जातो. एमएसचा थकवा झोपून उठल्यावरही तसाच असतो. प्रश्नावलीत ‘अशक्तपणा जाणवतो का?’ असे छापले तर पायातील बळ गेलेला रुग्ण एक उत्तर देईल आणि त्राण गेलेला दुसरे. म्हणून इंग्रजी कार्यक्रमाचा यांत्रिक अनुवाद करून भागणार नाही. गोव्यात तर मराठी आणि कोकणी दोन्हींत तो लिहावा लागेल, तोही रुग्णांना सोबत बसवून.

लाभ मात्र खरा आहे. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीला यायचे तर अनेक रुग्ण आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात. बसमध्ये लघवी लागली तर काय, ही भीती. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ताप येतो आणि तापाने सगळीच लक्षणे उसळतात. ओपीडीत दीर किंवा भाऊ शेजारी उभा असताना ही गोष्ट कोणती स्त्री बोलेल? पडद्यावर ती लिहू शकते. फक्त तो मोबाईल तिचा स्वतःचा असला पाहिजे. ही नोंद कोणाच्या सर्व्हरवर जाते, हेही तिला २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार कळले पाहिजे.

लक्षणांची रोजची नोंद डॉक्टरांच्याही कामाची असते. ताप किंवा संसर्ग नसताना नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले तर तो झटका असण्याची शक्यता असते आणि लगेच रुग्णालय गाठावे लागते. उन्हातून आल्यावर दिसलेला अंधुकपणा पंख्याखाली बसून गेला तर धोका तेवढा नसतो. हा फरक सांगणे कार्यक्रमाचे काम, पण निवाडा डॉक्टरांचाच.

धोका सरकारी सोयीचा आहे. ‘अॅप दिले’ म्हणजे फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका यांची पदे न भरण्याला सबब मिळते. ब्रिटनमध्ये २०१२ साली ४० रुग्णांवर झालेल्या प्राथमिक चाचणीत वेबसाइटच्या जोडीला फोनवर बोलणारे माणूस होते, हे विसरता कामा नये. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी एकदा बोलता येते; १२ आठवडे पाठीशी राहणारी व्यवस्था वेगळी उभारावी लागते. गोमेकॉच्या न्यूरोलॉजी विभागात आठवड्यातून ठरावीक वेळी रुग्णांना फोन करणारी एक परिचारिका नेमली तरी सुरुवात होईल. तिला लागेल तो खर्च अॅपच्या निविदेपेक्षा फार नसावा.

दुसरे काम दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचे नाव आहे; बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. मात्र जगभर वापरल्या जाणाऱ्या ईडीएसएस मापनातही मधल्या टप्प्यापासून भर राहतो तो रुग्ण किती चालू शकतो यावर. चालत दाखला मागायला आलेली, पण दुपारनंतर उभी राहू न शकणारी शिक्षिका त्या मोजणीत कमीच भरते. तिची सहा महिन्यांची दैनंदिन नोंद वैद्यकीय मंडळाने पुरावा म्हणून पाहावी की नाही, हे आरोग्य आणि समाजकल्याण खात्यांनी मिळून ठरवायचे आहे.