काट्यावरचा जॉकी

नोव्हेंबर २०१५. मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर ३,२०० मीटरचा मेलबर्न कप ‘प्रिन्स ऑफ पेन्झान्स’ या घोड्याने जिंकला, तेव्हा त्याच्यावर एकास शंभर असा भाव होता. पाठीवर होती मिशेल पेन. १८६१ पासून चालत आलेला हा कप तिच्याआधी एकाही महिला जॉकीने जिंकला नव्हता. घोड्याची निगा राखणारा होता तिचा भाऊ स्टीव्ही, डाऊन सिंड्रोमसह जगणारा. बायकांच्या अंगात तेवढी ताकद नसते म्हणणाऱ्यांना तिने तिथेच खडसावले. बरे केले!

याच मिशेलच्या कवटीला २००४ मध्ये घोड्यावरून पडून तडा गेला होता. शर्यत सुरू झाली की घोड्यांमागोमाग रुग्णवाहिका धावते, असा हा पेशा. खोगिरासह काट्यावर उभे राहायचे, ठरलेले वजन गाठण्यासाठी उपाशी राहायचे, घाम गाळून अंगातले पाणी घालवायचे. अशा थकलेल्या शरीराने ताशी साठ किलोमीटरच्या वेगात निर्णय घ्यायचे. तरी बातम्या येतात त्या पैजेच्या भावाच्या आणि बक्षिसाच्या, याची आम्हाला मनापासून खंत वाटते. म्हणून या अंकात टिप्स नाहीत. पाने दिली आहेत ती जॉकींच्या आहाराला, दुखापतींना आणि विम्याला.