नोटीस परत पाठवली म्हणून पेशी टळत नाही

बुलढाणा : वाद धुऱ्याचा असो, विहिरीच्या पाण्याचा असो की वहिवाटीच्या रस्त्याचा, कोर्टाचा बेलीफ गावात आला की बऱ्याच घरांत एकच सल्ला मिळतो, "घेऊ नको, सही केली की फसला." पण मनाई हुकूम, म्हणजे आपण ज्याला स्टे म्हणतो, त्याच्या बाबतीत हाच सल्ला सगळ्यात महाग पडतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ प्रमाणे समन्स घ्यायला नकार दिला, तर बेलीफ त्याची प्रत दारावर चिकटवू शकतो. पोस्टाच्या पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा आला, तर कोर्ट तामील झाली असे धरते. माणूस घरी नसला आणि लवकर सापडण्यासारखा नसला, तर घरातल्या सज्ञान व्यक्तीला, मग ती बाई असो की माणूस, समन्स देता येते. कोणी मुद्दाम तोंड चुकवत असेल, तर पेपरात जाहीर नोटीस देऊनही काम पुढे चालते. म्हणजे दार लावून घेतले तरी पेशी होतेच, फक्त आपली बाजू मांडायला तिथे कोणी नसते.

मोबाईलवरची नोटीसही कोर्टाने मानलेली आहे. मार्च २०१७ मध्ये एका कन्नड चित्रपटाच्या कॉपीराइटच्या वादात समोरची बाजू नोटीस टाळत होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरून दिलेली माहिती पुरेशी मानली. २०१८ मध्ये क्रेडिट कार्डच्या थकबाकीच्या प्रकरणात तर निळ्या टिकांवरून मेसेज पोचला आणि उघडला, हे धरले गेले. अर्थात, प्रत्येक मेसेज म्हणजे तामील नव्हे. ते कोर्ट प्रकरण पाहून ठरवते.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. एरवी मनाई हुकूम देण्याआधी समोरच्याला नोटीस द्यावी लागते. उशीर झाला तर नुकसान होईल असे वाटले, तरच कोर्ट कारणे लिहून एकतर्फी आदेश देते. मग अर्जदाराने अर्ज, दावा, शपथपत्र आणि कागदपत्रांच्या प्रती समोरच्याला ताबडतोब पाठवायच्या असतात. अर्जाचा निकालही ३० दिवसांत देण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. खोटा किंवा जुना पत्ता देऊन आदेश मिळवला असेल, तर तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. पण तोपर्यंत आदेश पाळावाच लागतो. मोडला तर मालमत्तेची जप्ती किंवा ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

खरा घोर शेतकऱ्याला आहे. पेरणीच्या तोंडावर रस्त्याचा किंवा ताब्याचा आदेश झाला, तर तारखा चालू असतानाच हंगाम निघून जातो. म्हणून वाद पेटला आणि समोरचा कोर्टात जाणार असे दिसले, की आधीच कॅव्हेट दाखल केलेले बरे. ते ९० दिवस चालते आणि त्या काळात अर्ज आला तर कॅव्हेट करणाऱ्याला कळवावे लागते.

नोटीस आली तर घ्यावी. सही करताना तारीख लिहावी आणि सोबत किती पाने मिळाली ते पाहावे. सही म्हणजे दावा कबूल नव्हे, फक्त कागद मिळाल्याची पोच. केस खरी आहे का, पुढची पेशी कधी, हे ई-कोर्ट्स अॅपवर नावावरून किंवा सीएनआर नंबरवरून पाहता येते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

एकतर्फी हुकूमनामाच होऊन गेला असेल, तरी समन्स नीट मिळाले नव्हते हे दाखवता आले तर रस्ता उघडा असतो. मात्र कळल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. मुद्दाम पाकीट परत करणाऱ्याला तो रस्ता मिळणे अवघड आहे.