वाटणीचा कज्जा : पायरी चढण्यापूर्वीं

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडीं असते. आणि तरीही वाटणीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालविणारीं घराणीं बहुधा शहाण्यांचींच असतात. ह्याचें कारण आमच्या मतें असें कीं, पायरी चढावयाची नाहीं तर जावयाचें कोठें, हें त्या म्हणींत सांगितलेलें नाहीं.

आपल्या स्मृतिकारांनीं मात्र तें सांगितलें होतें. आप्तांचें कुल, समव्यवसायी लोकांची श्रेणी, एका गांवच्या लोकांचा पूग आणि सर्वांवर राजानें नेमलेले अधिकारी, अशी निवाडा करणारांची चढती परंपरा याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. पेशवाईंत वादी व प्रतिवादी ह्यांनीं पंचांचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा आधीं लिहून द्यावा, मग पंचायत बसावी, अशी रीत होती. (राजीनाम्याचा अर्थ आतां चाकरी सोडल्याची चिठ्ठी एवढाच उरला आहे!) ह्या जुन्या रीतीचे गोडवे गाणारांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत. जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी सरकारांत वसूल होत असे. आणि मिताक्षरेनें सहदायादांत कन्येची गणना केलीच नव्हती.

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. फौजदारी गुन्हा हा केवळ व्यक्तीचा नव्हे, समाजाचा अपराध मानला जातो. म्हणून कायद्यानें ज्यांस मुभा दिली आहे तेवढेच गुन्हे आपसांत मिटवितां येतात. वाटणीचा वाद दिवाणी. तेथें १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता चालते, आणि संस्कृतज्ञ वाचकांस तिचा सांगाडा अपरिचित वाटूं नये. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनीं व्यवहाराचे भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि असे चार पाद विवरिले आहेत. तेच आज वादपत्र, कैफियत, पुरावा व निकाल ह्या नांवांनीं नांदतात.

परंतु वाटणीच्या दाव्यांत निकाल लागला म्हणजे काम संपलें, ही समजूत चुकीची आहे. न्यायालय प्रथम कोणाचा हिस्सा किती, एवढेंच ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा करतें. त्यावर अपील होऊं शकतें. शेतजमिनीवर सरकारी सारा असेल तर प्रत्यक्ष वाटपासाठीं कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, मग मोजणी होते. घरासाठीं न्यायालय कमिशनर नेमतें. घराचे सोयीस्कर तुकडे पडत नसतील तर १८९३ च्या कायद्यान्वयें निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या धन्यांच्या मागणीवरून तें विकण्याचाही हुकूम होऊं शकतो. अंतिम हुकूमनामा ह्यानंतर, आणि त्यावर पुन्हा अपील! ज्या माजघरासाठीं भाऊ भाऊ भांडले तें अखेरीस परक्याच्या हातीं जावें, ह्याहून मोठी शोकांतिका कोणती?

म्हणून पायरीच्या अलीकडचे मार्ग पाहावे. चौघां वडीलधाऱ्यांनीं तोंडी सांगितलेला निवाडा कितीही न्याय्य असो, कायद्याच्या दृष्टीनें तो लवादाचा निवाडा नव्हे. १९९६ च्या कायद्याप्रमाणें लवाद नेमण्याचा करार लेखी हवा, निवाडाही लेखी व स्वाक्षरीचा हवा. मध्यस्थीची गोष्ट निराळी. मध्यस्थ निवाडा देत नाहीं. तो बोलावयास लावतो, आणि तेथील बोलणें गुप्त राहतें. दाखल झालेला दावाही न्यायालय मध्यस्थीकडे पाठवूं शकतें. ही तरतूद १ जुलै २००२ पासून अमलांत आहे. लोकअदालतींत तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या तोलाचा ठरतो आणि भरलेली कोर्ट-फी परत मिळते. मात्र त्यावर अपील नाहीं! तेव्हां तेथें सही करतांना ‘पुढें पाहूं’ असें मनांत ठेवून कोणी करूं नये. तडजोड न झाली तर लोकअदालत आपला निर्णय लादीत नाहीं. प्रकरण जेथून आलें तेथें परत जातें.

येथवर सारें सोपें. अवघड आहे तें असें कीं, बैठकीला बसावयाचें कोणीं? आमच्या पाहण्यांत भावाभावांच्या समजुती पुष्कळ आल्या, पण बहीण सतरंजीवर क्वचितच दिसली. ती बहुधा स्वयंपाकघरांत. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेंच सहदायाद झाली, आणि त्या दिवशीं वडील हयात असणें आवश्यक नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं विनीता शर्मा प्रकरणांत स्पष्ट केलें. फार पूर्वीं तोंडी वाटणी झाली होती, एवढ्या म्हणण्यावरही त्या निकालानंतर भिस्त ठेवतां येत नाहीं. सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असल्यासच, आणि तोही अपवादानें, तें म्हणणें ग्राह्य होतें. बहिणीस वगळून केलेली तडजोड म्हणजे पुढील पिढीच्या दाव्याचें वादपत्रच होय.

भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवून सही मागण्याची चाल कांहीं घरांत पडली आहे. तिची आम्हांस मनस्वी लाज वाटते. बहिणीनें आपखुषीनें हक्क सोडल्यास तो तिचा मोठेपणा. पण तिला आपला हिस्सा किती हें आधीं कळलें पाहिजे, आणि स्थावराचें हक्कसोडपत्र नोंदणीकृत असलें पाहिजे. तिला सल्ला हवा असेल तर १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वयें स्त्रियांस, त्यांचें उत्पन्न न पाहतां, मोफत वकील मिळतो. त्यासाठीं तालुका किंवा जिल्हा विधिसेवा कार्यालयांत अर्ज करावा.

गोमंतकांतील वारसाचा कायदा ह्याहून निराळा आहे. तेथील वाचकांसाठीं त्याचा विचार पुढील अंकीं करूं.